छोट्या पेटीचे दोन खटके

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार. पोलादपूर

लिहायचं टाळत होतो. सहा महिने! ही वही मेच्या दहा तारखेला थांबलीय. पुढची पानं कोरी, एका पानावर नुसता तेलाचा अंगठा. दसऱ्याला म्हटलं लिहू, दिवाळीला म्हटलं लिहू — दर वेळी काहीतरी निघालं. पेन्सिलीला टोक नव्हतं. टोक करायला बसलो तर समोर नाक्यावर पेंटर एसटीच्या गावांची पाटी रंगवत होता, 'महाड'चा 'ड' वाळेपर्यंत तिथेच उभा. मी हा असा. मुंबईत गोदीत टिकलो नाही, पेणला मिठागरात टिकलो नाही, तंबूच्या सिनेमाबरोबर चिपळूणपर्यंत गेलो आणि परत आलो. पाचवीत शाळा सुटली तीही पाथरवट जातं घडवत होता ते बघत बसलो म्हणून.

आज लिहायला कारण झालं. मालोजी तात्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर काढायचं ठरवलंय.

गाडी म्हणजे त्यांचा लष्करी ट्रक. लढाईनंतर लिलावात निघालेला, बसक्या नाकाचा, चारी चाकांनी ओढणारा. सगळे रानडुक्कर म्हणतात. उंबरकोंडला चढणारी ही एकच गाडी. सात मैल, त्यातले शेवटचे दोन मैल नुसती चढण. वर धान्य, मीठ, रॉकेल न्यायचं, खाली कोळशाची पोती आणायची. पोत्यांवर बसून माणसंही यायची — बाळंतपणाला अडलेल्या बायका, ताप आलेली म्हातारी.

११ मेला गाडी चढणीवर मागे घसरली. ड्रायव्हर हैबतीदादा मागे उभा होता. गाडी आणि दरड यांच्यात त्याचा डावा पाय सापडला. मुंबईला नेला. गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून तो तिकडेच आहे, भावकीतल्या कुणाच्या खोलीवर. पत्र नाही, निरोप नाही.

गाडी पावसाळाभर चांगू मिस्त्रीच्या छपरात. सीटवर कोंबडी अंडी घालते.

सगळे म्हणतात, छोटी पेटी सुटली म्हणून गाडी घसरली.

मीही तेच म्हणतो.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर दोन पेट्या धुतल्या. रॉकेलनं बोटं पांढरी पडलीत, अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

लिहून ठेवतो, नाहीतर माझं मलाच उलटसुलट होईल. तात्यांनी पुण्याहून डिझेल इंजिन आणलंय, त्याच्या गिअरपेटीसकट. जुनं पेट्रोलचं इंजिन दमलं होतं. डिझेल सावकाश फिरतं पण ओढतं भरपूर. ते बसेल. प्रश्न त्याच्या मागच्या पेटीचा. इंजिनाचं फिरणं पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी ही पेटी. चांगू तिला ट्रान्स्फर म्हणतो, आम्ही छोटी पेटी. छोटी कसली, अडीच मण!

एक आहे जुनी, गाडीचीच. तिला दोन चाली — साधी आणि लो. लोमध्ये गाडी माणसाच्या पावलानं चालते, पण काहीही चढते. दुसरी पुण्याच्या भंगारबाजारातली, इंजिनाबरोबरच आली. एकच चाल. हलकी, दात नवे, आवाज नाही.

तात्या छत्री टेकून उभे होते. म्हणाले, "ती जुनी अवदसा माझ्या गाडीला नको. माणूस खाल्ला तिनं."

"माणूस नाय, पाय खाल्ला," चांगू म्हणाला. तो असाच बोलतो, समोर तात्या असोत नाहीतर मामलेदार. "तात्या, चढायचं सोडा. डिझेल हाय, ओढून ओढून चढवू. उतरताना गाडी कोण धरणार?"

"ब्रेक कशाला हायेत?"

"दोन वळणांत ब्रेक तापून मेणासारखे होतील. तिसऱ्याला पाय दाबाल आणि काय लागणार नाय पायाला. त्या उतारावर गाडी लो धरते. दुसरं कोण धरत नाय."

"तीच सुटली ना पण!"

चांगूनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं. मी रॉकेलच्या डब्यात बघत होतो. वर तेलाचे रंग फिरत होते — जांभळा, हिरवा, मग पिवळा.


२० नोव्हेंबर

सावित्रीवर बोल्ट धुवायला गेलो. पाणमांजरं होती, दोन. एक उताणं पोहत होतं. दुपार गेली. चांगूच्या शिव्या खाल्ल्या. "तुझा गिअरचा दांडा कायम मधेच असतो बघ, धड इकडं नाय धड तिकडं." सहज बोलला असेल.


२२ नोव्हेंबर, शनिवार

तुळसावहिनी आली होती. हैबतीदादाची बायको. उंबरकोंडहून चालत, डोक्यावर नाचणीचं गाठोडं. मिठाच्या दुकानात जायच्या आधी छपराशी थांबली. नेहमीच थांबते. आत येत नाही. उन्हात उभी राहून लांबून पेट्यांकडे बघत होती.

"ती कुठली रे त्यातली?" मलाच विचारलं.

म्हटलं, "डावीकडची, वहिनी. काळी."

"नदीत टाका ती."

चांगूनं विचारलं, दादाचं काय कळलं? तर म्हणाली, भाचा आला होता दिवाळीला. त्याच्याकडून कळलं ते एवढंच — खातो-पितो, खोलीच्या दारात बसतो, गिरणीच्या फाटकावर बसायचं काम मिळतंय म्हणतात. घरी ये म्हटलं की उठून जातो. "आणि येणार तरी कसा? एका पायानं दोन मैल चढण? डोलीत बसवून आणायचा तर चार माणसं पायजेत. चारी मुंबईला. आणि बसायचा नाय तो डोलीत. मी वळखते त्याला."

मग म्हणाली, "गाडी चढली तरच येईल. पण ही पेटी घालून चढवाल तर मीच आडवी पडेन वाटेत."

जाताना माझ्या हातात शेंगांची पुरचुंडी दिली. भाजलेल्या. "खा रे, वाळलास."

अजून खिशात आहेत. खाल्ल्या नाहीत.


२३ नोव्हेंबर, रविवार

लिहितोच आता. नाहीतर पुन्हा सहा महिने.

११ मे. पावसाआधीची शेवटून दुसरी फेरी, गाडीत तांदूळ आणि मीठ. आम्ही दोघेच, तो ड्रायव्हर, मी क्लीनर; सपाटीवर कधीमधी मीही चालवायचो. काळ्या दरडीच्या वळणावर चढण सुरू होते. रीत अशी की तिथे गाडी थांबवायची, छोटी पेटी साध्यातून लोमध्ये घालायची, मग पुढे. थांबलो. पाणी उकळत होतं म्हणून इंजिन बंद केलं. मागे दोर सैल झाला होता. हैबतीदादा उतरला. जाताना म्हणाला, "सद्या, इकडं सरक. लो टाकून ठेव. आणि उतरून चाकाला धोंडा लाव."

मोठी पेटी, म्हणजे गिअरपेटी, पहिल्या गिअरात होती. हँडब्रेक ओढलेला, पण तो नावापुरता. छोट्या पेटीचा दांडा साध्यातून बाहेर येतो तेव्हा एक खटका होतो. लोमध्ये पडतो तेव्हा दुसरा. दोन्हींच्या मधे एक जागा आहे — तिथे दांडा राहिला तर पेटी काहीच धरत नाही. पहिला गिअर असून नसल्यासारखा. चारी चाकं मोकळी! हैबतीदादानंच शिकवलेलं: दोन खटके ऐकल्याबिगर दांड्यावरचा हात काढायचा नाय.

एक खटका झाला. आणि दरीवरून ककणेर गेले. ती मोठ्या चोचीची पाखरं, तीन, एकामागं एक, पंखांचा आवाज लांबून करवत चालवल्यासारखा. मी वाकून बघत राहिलो. हात कधी निघाला ते कळलं नाही. धोंडाही लावायचा होता. पाखरं डोंगराआड जाऊ दे, मग उतरू म्हटलं.

गाडी हलली तेव्हा आधी वाटलं, डोंगर पुढे चाललाय.

दरडीला आदळून थांबली. हैबतीदादाचा आवाज ऐकला. आणि उतरायच्या आधी — उतरायच्या आधी! — मी दांडा पुढे ढकलला. दुसरा खटका तेव्हा झाला.

वरून माणसं धावत आली. कुणी तरी विचारलं, लो होती ना? म्हटलं, होती. आपोआप सुटली. चांगू दुसऱ्या दिवशी आला, दांडा बघितला. लोमध्येच होता.

पेटी सुटली नाही. पेटीत काहीच खोट नाही. मी तिला लोमध्ये घातलंच नव्हतं.

संपलं. लिहिलं. हलकं वाटेल म्हटलं होतं. नाही वाटत.


२६ नोव्हेंबर, बुधवार

चांगूनं जुनी पेटी उघडली. दातचक्र काढून फडक्यावर ठेवलं आणि मला बोलावलं.

"नख फिरव इथं. दाताच्या टोकाला."

फिरवलं.

"काय लागतं?"

"कोपरा."

"धारदार?"

"हो."

"जी पेटी आपोआप सुटते ना रे सहदेव, तिच्या दातांची टोकं गोल होतात. घासून घासून. दहा वेळा सुटते तेव्हा अकराव्यांदा अपघात होतो. ही एकदा बी सुटलेली नाय." त्यानं विडी पेटवली. "आणि स्प्रिंग बघ. खटक्याची. कालची वाटते."

मी म्हटलं, मग कशी सुटली?

"तेच तर इचारतोय मी पेटीला."

त्यानं मला विचारलं नाही. पेटीला विचारलं म्हणाला. तासभर थांबलो, विचारेल म्हणून. नाही विचारलं. शेवटी मीच उठून पाणी आणायला गेलो आणि विहिरीवर दोन पोरी भांडत होत्या ते ऐकत बसलो.


२८ नोव्हेंबर

तात्या म्हणाले, माणसाच्या बुद्धीला सुटत नाही तर देवीला विचारू. रविवारी उंबरकोंडच्या जननीला कौल लावायचा. जुनी की पुण्याची.

चांगू: "देवी मिस्त्री कधी झाली?"

तात्या: "तू गप. माणूस तिच्या हद्दीत पडला."


३० नोव्हेंबर, रविवार. उंबरकोंड

चालत वर आलो. तात्या, चांगू, मी. काळ्या दरडीशी तात्यांनी टोपी काढली. दरडीवर पत्र्यानं ओरबाडल्याची रेघ अजून आहे, तिच्यात आता शेवाळ उगवलंय.

देवळात वीस-पंचवीस माणसं. जास्त बायकाच, पुरुष मुंबईला. तुळसावहिनी खांबाला टेकून. कुशाबा गुरव आंघोळ करून ओलेत्यानं आला. फार म्हातारा झालाय, हात थरथरतो, पण देवीला कळ्या लावताना थरथरत नाही. तगरीच्या ओल्या कळ्या, पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना.

तात्या हात जोडून उभे राहिले. "आये जननी, तुझ्या लेकराचा पाय गेला. त्या पेटीत दोष असंल तर डावी दे. दोष नसंल तर उजवी दे. तू देशील ते ऐकतो."

थांबलो.

कळी पडली नाही. डावी नाही, उजवी नाही. कुशाबानं पुन्हा सांगणं घातलं. पुन्हा थांबलो. पाषाणाच्या डोक्यावर एक नाकतोडा येऊन बसला, हिरवागार. मी त्याच्याकडेच बघत होतो. तो उडेल तेव्हा बोलायचं असं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. तो उडाला. मी बोललो नाही.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं तरी कळ्या तशाच. असं कधी होत नाही म्हणतात. बायका कुजबुजायला लागल्या. कुशाबा वळला. "मालोजी, आई बोलायची नाय आज. सवाल बराबर पडला नाय."

"मग कसा घालू?"

"ते मला काय ठावं? तू घातलास ते तिला इचारायचंच नव्हतं. दुसरं काय तरी हाय."

तात्या म्हणाले, "दुसरं काय असणार?"

कुशाबानं सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. म्हाताऱ्याला अर्धं दिसत नाही. माझ्यावरूनही फिरली, पुढे गेली.


१ डिसेंबर

ताप. बहुतेक उन्हानं.


३ डिसेंबर, बुधवार

तात्यांनी ठरवून टाकलं. देवी बोलली नाही म्हणजे जुनी नको. पुण्याची बसवायची. चांगूनं हत्यारं खाली ठेवली आणि सगळं पुन्हा सांगितलं, फरशीवर खडूनं चाकं काढून. हे सतरा दात, हे बत्तीस, म्हणून लोमध्ये गाडी जवळजवळ निम्म्या वेगानं चालते, आणि उतारावर इंजिन तिला जवळजवळ दुप्पट मागं धरतं. पुण्याच्या पेटीत हे नाही. तात्यांनी ऐकून घेतलं.

"चांगू, तुझं बराबर असंल. पण ती पेटी घातलेली गाडी त्या बाईच्या दारात मी उभी करू? कसल्या तोंडानं?"

मग म्हणाले, "संक्रांतीनंतर मी स्वतः मुंबईला जातो. पाया पडतो हैबतीच्या. वर तर जाईल ना गाडी? मग पहिल्या फेरीला त्यालाच बसवून नेऊ. आणि त्याला इस्पितळात दाखवायला महिन्यातनं एकदा खाली आणू."

खाली आणू. त्या उतारावरून. एकच चाल असलेल्या पेटीवर. हैबतीदादाला.

चांगू माझ्याकडे बघत होता. खडू हातातच.


४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी. पुण्याची पेटी साखळीला टांगली होती. तात्या नारळ घेऊन आले होते. मी म्हटलं, थांबा. आणि सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच, पाखरांसकट. मधलं राहिलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मारतील वाटलं होतं. तात्यांनी नारळ खाली ठेवला. गडगडू नये म्हणून त्याला वीट लावली. मग म्हणाले, "देवीपुढं मी सवाल घालत होतो, तेव्हा तू माझ्या मागं होतास ना रे?"

"होतो."

"आणि गप?"

मी नारळाला लावलेली वीट बघत होतो.

"पेटीला शिव्या घातल्या आम्ही. सहा महिने. लोखंडाला!" त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. "चांगू, हाकल याला. माझ्या नजरेसमोर नको."

चांगूनं साखळी सोडायला घेतली. पुण्याची पेटी खाली आली. "हाकलतो. पण जुनी अडीच मणाची हाय, खालनं धरायला माणूस लागतो मला. बसवून झाली की हाकला." मग माझ्याकडे न बघता, "मला सव्वीस तारखेपासून ठावं हाय. वाट बघत होतो. लई वाट बघायला लावतोस बाबा तू."

तात्या दारापर्यंत जाऊन वळले. "आधी वर जा. तिला सांग. तिनं जिता ठेवला तर इथं ये."


५ डिसेंबर, शुक्रवार

वर गेलो. तुळसावहिनी खळ्यात नाचणी झोडत होती. मी उभ्यानं सांगितलं. तिचं झोडणं थांबलं नाही. काठी वर, काठी खाली. वाटलं ऐकलंच नाही.

मग विचारलं, "धोंडा?"

"नव्हता लावला."

"तेवढं तर पोरं बी करतात."

आणखी पाच-सहा वेळा काठी आपटली. मग ती तिथेच बसली, दाण्यांत. तोंडावर पदर नाही घेतला. माझ्याकडेही बघितलं नाही.

"मी त्या पेटीच्या नावानं थुंकायची," म्हणाली. "येता-जाता. तू तिथंच बसलेला असायचास."

"हो."

"शेंगा दिल्या तुला."

खिशात होत्या. काढून पुढे धरल्या. का धरल्या कुणास ठाऊक! ती पुरचुंडीकडे बघत राहिली, तिनंच बांधलेली गाठ. घेतली नाही.

मांडीवरचे दाणे झटकत म्हणाली, "माझ्यापुढं कशाला उभा? पाय माझा नाय गेला. त्याला सांग."

"लिहू का पत्र?"

"मी सांगू व्हय तुला आता कसं सांगायचं ते?" उठली. काठी घेतली. "पेटी चांगली हाय ना? खरं सांग. आता तरी."

"चांगली आहे वहिनी. देवीशपथ."

"मग गाडी वर आण. आणि जा इथनं."


६ डिसेंबर

पत्र सुरू केलं. 'ती. दादास.' पुढे नाही. चार कागद.


९ डिसेंबर, मंगळवार

जुनी पेटी बसली. खालून मी धरली, वरून चांगूनं बोल्ट घातले. छातीवर घेतलेली अडीच मण. एकदा वाटलं, सुटू दे अंगावर. चांगू वरून ओरडला, "कुठं गेलास? पाखरं बघतोस काय?" — आणि लगेच जीभ चावली. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, नाही, इथेच आहे.

होतो खरंच. दिवसभर इथेच होतो. असं पहिल्यांदाच झालं असेल.

तात्या येतात, बघतात, जातात. माझ्याशी बोलत नाहीत. काल चांगूला म्हणाले, "त्याला विचार, जेवला का?" मी दोन हात अंतरावर उभा होतो.


११ डिसेंबर, गुरुवार

एक गोष्ट मी माझ्या मनानं केली. लोहाराकडे बसून दांड्यासाठी लोखंडाची पट्टी घडवली. दोन खाचा — एक साध्याची, एक लोची — आणि दोन्हींच्या मधे उतरतं पोट, म्हणजे दांडा मधे ठेवला तर तिथे राहतच नाही, घसरून कुठल्या तरी एका खाचेशी येतो. वर खिट्टी. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बसली. चांगूनं दांडा वीस वेळा इकडेतिकडे करून बघितला.

"हे मे महिन्यात का नाय सुचलं?"

मग स्वतःच म्हणाला, "मला बी नाय सुचलं म्हणा."

डिझेल चालू झालं. सगळं छप्पर हलतं. कोंबडी गेली शेजाऱ्याकडे, अंडं सीटवरच.


१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रश्न आला — चालवणार कोण? महाडचे दोन ड्रायव्हर विचारले. एकानं उंबरकोंडचं नाव ऐकूनच हात जोडले, दुसरा म्हणाला लग्नकार्य आहे. चांगूला गाडी दुरुस्त करता येते, चालवता येत नाही. म्हणतो, आचारी काय सगळ्या पंगतींना जेवतो?

तात्या प्रथमच माझ्याशी बोलले. आठ दिवसांनी.

"रविवारी. रिकामी न्यायची. तू एकटा. काळ्या दरडीशी मी उभा राहीन."

"कुठे?"

"मागं," म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, मागे नको.

"मग कुठं उभा राहू? तिथंच उभा राहतो माणूस." आणि गेले.


१३ डिसेंबर, शनिवार

नाक्यावर डोंबारी आले होते, गेलो नाही. गाडीत बसून दांडा टाकत राहिलो. एक खटका, दुसरा खटका. पुन्हा. शंभराच्या पुढे मोजणं सोडलं. धोंडा निवडून ठेवलाय, नदीतला, सपाट बुडाचा. पत्र अजून 'ती. दादास' इथेच आहे. उद्या चढलो तर लिहीन. नाही चढलो तरी लिहीन.


१४ डिसेंबर, रविवार. सकाळ

वही स्टिअरिंगवर ठेवून लिहितोय. गाडी अजून निघाली नाही.

हैबतीदादा आलाय!

महाडच्या पहिल्या एसटीतून उतरला. कुणाला कळवलं नव्हतं. कुबडी छपराला टेकवली, खाली बसला, वाकून गाडीच्या पोटाखाली बघत राहिला. मग म्हणाला, "जुनीच ना? भाचा म्हणाला, गाडी काढतायत. मला वाटलं, ही टाकून दिली असंल. म्हणून आलो." चांगू म्हणाला, "जुनीच." मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

"मी मागं होतो रे सद्या. एकच खटका झाला होता. दुसरा गाडी आदळल्यावर ऐकला."

आता तो शेजारच्या सीटवर चढतोय, तात्या खालून धरतायत. म्हणतो, पाय तू चालव — दांडा माझ्याकडं दे.